पोटाची कचेरी

वळवाची पहिली दमदार सर कोसळून गेली, की ठाण्यातील खोपटच्या एस.टी. स्थानकाबाहेर दिवेलागणीला जो कोणी गाडीची वाट पाहत उभा राहतो, त्याच्या पायांशी वर्षातून चार-सहा दिवस एक विलक्षण वर्षाव होत असतो. रस्त्यावरील दिव्यांना धडका देऊन तपकिरी, टणक पाठीचे भुंगेरे टपटप खाली पडतात, उताणे होऊन पाय झाडतात, कोणाच्या पिशवीला तर कोणाच्या सदऱ्याला चिकटतात. भेळवाला त्यांना केरसुणीने गटाराकडे लोटतो, मुले काडीने डिवचतात. आणि आतून ध्वनिक्षेपकावर अमुक गावाची गाडी अमुक फलाटाला लागल्याची घोषणा होताच त्या गर्दीतील पाच-सात माणसे गाठोडी उचलून चालू लागतात, बाकीची जागच्या जागी राहतात. ती घोषणा आणि तो भुंगेरा यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे मला कित्येक वर्षे स्वप्नातही वाटले नव्हते. पुढे कीटकांच्या अंतर्रचनेविषयी थोडेफार वाचन घडले, आणि तेव्हापासून त्या स्थानकावर उभा राहिलो की त्या उताण्या जिवाच्या पोटात अशाच घोषणांचा एक अखंड कारभार चालू असतो, हे विसरता येत नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या कुळातील भुंगेरा म्हणजे हुमणीचा जन्मदाता. उसाची, भुईमुगाची, ज्वारीची मुळे जमिनीखाली कुरतडून उभे पीक वाळवणारी ती पांढरी, कोयत्यासारखी वाकलेली, मऊ अळी महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांना परिचित आहे. तिच्या होलोट्रिकिया सेराटा या प्रमुख जातीचे वर्षाचे रहाटगाडगे मोठे शिस्तीचे असते: पावसाळ्याच्या तोंडी मातीत अंडी, पावसाळाभर मुळांवर ताव, पाऊस सरल्यावर जमिनीत खोल कोष, हिवाळ्याच्या सुमारास पूर्ण वाढलेला भुंगेरा, आणि त्यानंतर तो भुंगेरा, पंख फुटलेले असताना आणि पाय धड असताना, पुढील वळवापर्यंत काही न खाता मातीत निश्चल पडून राहतो. पाऊस पडला की एका संध्याकाळी तो वर येतो, कडुनिंबावर किंवा बाभळीवर जाऊन बसतो आणि रात्रभर पाला खातो. आयुष्याचा एक खंड केवळ भक्षणाचा, दुसरा केवळ उपवासाचा, आणि दोहोंच्या सीमारेषा इतक्या काटेकोर, की माणसांच्या उपासतापासाला त्यांची सर येऊ नये. एवढे नियमन त्या मोहरीएवढ्या मेंदूला एकट्याने कसे झेपत असेल?

या प्रश्नाचे जे उत्तर गेल्या शतकभराच्या संशोधनातून हळूहळू पुढे आले आहे, ते केवळ कीटकशास्त्राच्या दप्तरात बांधून ठेवावे इतके क्षुल्लक नाही. माझे म्हणणे असे आहे की, कारभार म्हणजे राजधानी, नियमन म्हणजे मस्तक आणि ज्ञान म्हणजे मेंदू, हे जे समीकरण आपण शरीरशास्त्रापासून राज्यशास्त्रापर्यंत निर्वेधपणे वापरत आलो, ते त्या भुंगेऱ्याच्या आतड्याच्या अस्तरात खोटे ठरते. तेथे जाणण्याचे काम जेथे माल उतरतो तेथेच होते, जाणणारे संख्येने अत्यल्प आणि विखुरलेले असतात, आणि त्यांच्या विखुरलेपणातच त्यांच्या उपयुक्ततेचे मर्म असते.

प्रथम त्या कचेरीची रचना पाहू. भुंगेऱ्याच्या अन्नमार्गाचे अग्रांत्र, मध्यांत्र आणि पश्चांत्र असे तीन भाग असतात. पैकी पहिला व तिसरा हे वस्तुतः बाहेरील त्वचेचेच आत वळलेले पदर असून त्यांना कायटिनयुक्त आवरणाचे अस्तर असते. अळी कात टाकते तेव्हा हे अस्तरही टाकले जाते. मधला भाग मात्र उघडा. त्याच्या जिवंत पेशी आणि बाहेरून आलेले अन्न यांच्यामध्ये एका पातळ, सच्छिद्र पडद्याखेरीज काही नसते. आणि म्हणून बाह्य जगाचा व देहाचा खरा मुकाबला होतो तो डोळ्यांत किंवा शिंगिकांत नव्हे, या मध्यांत्रात होतो. त्याच्या भिंतीत उभट पेशींची दाटी असते. पाचक रस सोडणे आणि पचलेले शोषून घेणे हे त्यांचे काम. त्यांच्या बुडाशी, आणि कित्येक भुंगेऱ्यांत तर आतड्याच्या बाहेरील अंगावर कळ्यांसारख्या उठून दिसणाऱ्या चिमुकल्या पिशव्यांत, नव्या पेशी निर्माण करणाऱ्या मूळ पेशी वस्तीला असतात. आणि या दोहोंच्या गर्दीत, येथे एक, तेथे एक, अशा तिसऱ्या जातीच्या पेशी पेरलेल्या असतात. त्यांच्या तळाशी सूक्ष्म कणांचा साठा असतो आणि ते कण म्हणजे पेप्टाइड जातीची संप्रेरके होत. यांतील काही पेशींचे निमुळते टोक आतड्याच्या पोकळीपर्यंत पोहोचलेले असते. काहींचे तसे नसते, त्या भिंतीच्या बुडाशीच दबून असतात. पहिल्या जातीची पेशी एका टोकाने आलेला माल चाखते आणि दुसऱ्या टोकाने, म्हणजे रक्ताच्या बाजूने, आपला अभिप्राय रवाना करते.

हा अभिप्राय पोहोचतो कसा, हे समजण्यास खोपटच्या फलाटाइतका उत्तम दृष्टान्त मला अन्यत्र सापडलेला नाही. मज्जातंतू हा तारेसारखा असतो: ज्याच्या नावे तार, त्याच्याच घरी ती जाते. संप्रेरक ही घोषणा असते: ती सर्वांच्या कानांवर पडते, परंतु उठतो तोच ज्याची ती गाडी आहे. ज्या अवयवाच्या पेशींवर त्या विशिष्ट रेणूला ओळखणारे ग्राही असतील त्या हालचाल करतात. बाकीच्यांना ती गलबलाटातील एक गलबल. माणसाच्या देहात रक्त धमन्या-शिरांच्या बंद नळ्यांतून फिरते. कीटकाच्या देहात पाठीवरील एक नळी तेवढी हृदयाचे काम करते आणि रक्त मोकळ्या पोकळीत सांडून सर्व अवयवांना एकदमच न्हाऊ घालते. म्हणजे भुंगेऱ्याचे उदर खऱ्या अर्थाने एक विस्तीर्ण प्रतीक्षागृह आहे, आणि त्यात सोडलेला शब्द कोणाही अवयवाच्या कानाआड होत नाही. इंग्रजांनी ग्रीक धातूवरून हॉर्मोन हा शब्द घडवला. त्याचा अर्थ चेतवणारा. आपल्या भाषेने त्याला संप्रेरक म्हटले. दोन्ही शब्दांत हुकमापेक्षा चेतना अधिक आहे, आणि ते यथार्थ आहे. कारण घोषणा करणारा कोणाला हात धरून गाडीत बसवीत नाही.

एवढी महत्त्वाची गोष्ट इतकी वर्षे दृष्टीआड कशी राहिली, हा प्रश्न मला त्या पेशींच्या कार्याइतकाच उद्बोधक वाटतो. १८२८ साली स्ट्राउस-डुर्कहाइम या शरीररचनाकाराने हुमणीच्याच गोतावळ्यातील युरोपीय कॉकचेफर भुंगेऱ्याचे विच्छेदन करून एक ग्रंथ सिद्ध केला. त्या ग्रंथातील आकृत्यांची सूक्ष्मता आजही विस्मयकारक वाटते. एका किड्याचे स्नायू, मज्जारज्जू, श्वासनलिका यांचा बारीक हिशेब त्यात मांडलेला होता. परंतु त्या हिशेबात या पेशींना जागा मिळणे शक्यच नव्हते, कारण त्यांना स्वतःचा अवयव नाही. ज्याला आकार आहे, सीमा आहे, चिमट्याने उचलून वेगळे ठेवता येते, तेच अस्तित्वात आहे असे मानणाऱ्या शास्त्राला ग्रंथी दिसतात. शंभर शेजाऱ्यांत मिसळून बसलेली एकटी पेशी दिसत नाही. माणसाच्या आतड्यातही अशा पेशी अस्तरात शंभरात एखादी एवढ्याच असतात, आणि तरीही सर्व मिळून त्या देहातील सर्वांत मोठे अंतःस्रावी इंद्रिय ठरतात. १९३८ साली फ्रीडरिख फायर्टर या विकृतिशास्त्रज्ञाने अशा विखुरलेल्या, फिकट दिसणाऱ्या पेशींना एकत्रितपणे एक पसरलेले अंतःस्रावी इंद्रिय म्हणावे अशी कल्पना मांडली, तेव्हा इंद्रिय या शब्दाची व्याख्याच त्याला मोकळी करावी लागली. गावाला वेस नसली तरी गाव असू शकते, हे मान्य करण्यासारखेच ते होते.

त्याच्याही आधी एक घटना घडली होती, आणि ती पोटातच घडली होती. पचनाचे सर्व नियमन मज्जातंतूंकडून होते हा रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पाव्लॉव्ह यांचा सिद्धान्त त्या काळी सर्वमान्य होता. १६ जानेवारी १९०२ रोजी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी बेशुद्ध केलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका वेटोळ्याकडे जाणारे सर्व मज्जातंतू तोडले, आणि त्यात आम्ल सोडले. तरीही स्वादुपिंडातून रस पाझरू लागला. मग त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडून, आम्लात घोटून, गाळून तो अर्क शिरेत टोचला. पुन्हा रस पाझरला. तार तुटलेली असताना निरोप पोहोचला होता. त्या द्रव्याला त्यांनी सीक्रेटिन हे नाव दिले, आणि १९०५ साली स्टार्लिंग यांनी अशा सर्व द्रव्यांसाठी हॉर्मोन हा शब्द प्रचारात आणला. ही वार्ता पीटर्सबर्गला पोहोचल्यावर पाव्लॉव्ह यांनी तोच प्रयोग आपल्या सहकाऱ्याकडून करवून घेतला, निमूटपणे पाहिला, आपल्या खोलीत जाऊन काही वेळ बसले, आणि बाहेर येऊन सत्यशोधनाचा मक्ता काही आपण एकट्यानेच घेतलेला नाही अशा अर्थाचे उद्गार काढले, असे सांगतात. कथा खरी असो वा सजवलेली असो. संप्रेरक ही कल्पना ज्या द्रव्यावरून रूढ झाली, ते मस्तकातून आलेले नाही, आतड्याच्या अस्तरातून आले, ही गोष्ट इतिहासाच्या नोंदवहीत पक्की आहे.

यानंतर राजधानी आणि प्रांत यांतील भेद उत्तरोत्तर पुसट होत गेला. १९२२ साली पोलंडच्या स्तेफान कोपेच् याने पतंगाच्या सुरवंटांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. योग्य वेळेपूर्वी सुरवंटाच्या कमरेला दोरा आवळून बांधला, तर पुढचा अर्धा भाग कोषावस्थेत जाई आणि मागचा अर्धा अळीच राही. मेंदू काढून टाकला तर कोष होतच नसे. नुसती मज्जारज्जू तोडली तर काही बिघडत नसे. अर्थात मेंदू तारा पाठवत नव्हता, रस पाझरवत होता. मस्तक हे स्वतःच एक ग्रंथी निघाले. १९३१ साली फॉन ऑयलर आणि गॅडम या संशोधकांना घोड्याच्या मेंदूत आणि आतड्यात, दोहोंत, एकच क्रियाशील द्रव्य आढळले. त्याच्याच कुळातील टॅकिकायनिन नावाची पेप्टाइडे पुढे कीटकांच्या मेंदूतही सापडली आणि त्यांच्या मध्यांत्राच्या या पेशींतही सापडली. आपल्याकडे नागपूर विद्यापीठात ज्ञानेश्वर टेंभरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चतुरांच्या अंतःस्रावी संस्थेवर जे दीर्घकाळ काम केले, त्यातही मज्जासंस्थेची संप्रेरके आणि मध्यांत्रातील पाचक विकरे यांचा संबंध हा जिज्ञासेचा एक विषय होता. सारांश, जी लिपी मेंदूच्या दप्तरात चालते तीच पोटाच्या दप्तरात चालते, आणि एकाच लिपीत लिहिणाऱ्या दोन कचेऱ्यांपैकी एकीला सरकार व दुसरीला शागीर्दपेशा म्हणणे हे अज्ञानाचे लक्षण ठरते.

मग ही पोटातील कचेरी नेमके काय लिहिते? येथे सर्वांत अधिक साक्ष फळमाशीने दिली आहे, कारण प्रयोगशाळेत तिच्याइतके आज्ञाधारक जनावर दुसरे नाही. चव ओळखणारे जे ग्राही असतात त्यांच्या जातीचे ग्राही तिच्या आतड्यातील या पेशींत आढळले आहेत. म्हणजे अन्न गिळल्यानंतरही ते चाखले जात असते. हार्वर्ड येथील नॉर्बर्ट पेरिमॉन यांच्या प्रयोगशाळेने २०१४ साली दाखवले, की तिच्या आतड्यातून टॅकिकायनिन सुटणे बंद केले तर आतड्यातील चरबीचे उत्पादन बेसुमार वाढते. म्हणजे ती पेशी शेजारच्या कोठाराला आवर घालत असते. २०१८ साली जपानमधील त्सुकुबा विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले, की समागमानंतर मादीच्या मध्यांत्रातून सुटणारे दुसरे एक पेप्टाइड अंडाशयातील मूळ पेशींना वाढीस लावते. म्हणजे पुढील पिढीच्या तजविजीतही पोटाचा शब्द असतो. भुंगेऱ्यांच्या मध्यांत्रात याच कुळांतील पेप्टाइडे बाळगणाऱ्या पेशी रंजनाच्या पद्धतींनी दिसलेल्या आहेत, आणि पोटाच्या शब्दाचे वजन त्यांच्या जीवनक्रमात तर उघड्या डोळ्यांनी दिसते. ऑन्थोफेगस टॉरस या शेणकिड्याच्या अळीला आईने बांधून ठेवलेल्या शेणाच्या गोळ्याखेरीज दुसरी शिदोरी नसते. वाढीच्या शेवटच्या टप्प्यात ती शिदोरी काढून घेतली, तर अळी मरत नाही. ती वेळेआधीच कोषात जाते आणि लहान अंगाचा भुंगेरा होऊन बाहेर येते. अन्न संपले, या एका बातमीवर तिने सबंध आयुष्याचा आराखडा बदललेला असतो. बातमी अर्थातच प्रथम पोटाला कळते.

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही विचारणीय आहेत. पहिला असा, की पेशी चाखते, जाणते, अभिप्राय देते ही सर्व भाषा अलंकाराची आहे. वास्तविक एक रेणू दुसऱ्या रेणूला चिकटतो, विद्युत्भार बदलतो, कण फुटतो, यापलीकडे तेथे काही घडत नाही. हे मला मान्य आहे. परंतु याच तराजूने मोजायचे तर मेंदूतही यापलीकडे काही घडत नाही. तेथेही रेणू रेणूला चिकटतो आणि कण फुटतो. यास्तव जाणणे हा शब्द मेंदूच्या खात्यावर जमा ठेवून आतड्याच्या खात्यावर मात्र नावे टाकणे, हा हिशेब प्रामाणिक नव्हे. जाणीव, म्हणजे मी जाणतो हे जाणणे, ही वेगळी गोष्ट आहे आणि ती मी भुंगेऱ्याच्या आतड्याला बहाल करू इच्छीत नाही. परंतु आलेल्या वस्तूची पारख करून तिच्या अनुरोधाने सबंध देहाचे वर्तन बदलणे याला जर ज्ञान म्हणायचे नसेल, तर आपल्या कित्येक विद्वानांनाही ती पदवी गमवावी लागेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. देहाच्या रूपकातून राज्याचा उपदेश करण्याची खोड जुनी आहे, आणि तिचा वापर बहुधा बलवानांनी केला आहे. इ.स.पू. ४९४ मध्ये रोमचे सामान्यजन शहर सोडून डोंगरावर जाऊन बसले, तेव्हा मेनेनियस अग्रिप्पा या सरदाराने त्यांना पोटाची गोष्ट सांगितली असे परंपरा म्हणते: पोट आयते खाते म्हणून हातपाय संपावर गेले आणि अखेरीस स्वतःच क्षीण झाले, सबब उमरावांना निमूटपणे पोसावे. मस्तकाच्या जागी पोटाला गादीवर बसवले म्हणून जुलूम संपत नाही, हे त्या कथेने आपल्याला शिकवले पाहिजे. परंतु भुंगेऱ्याचे मध्यांत्र अग्रिप्पाच्या कामाचे नाही, कारण तेथे कोणी गादीवर बसलेलेच नाही. कीटकशास्त्रज्ञ विगल्सवर्थ यांनी १९३४ साली रोड्नियस या रक्तपिपासू ढेकणावरील प्रयोगांतून दाखवले, की पोट रक्ताने तुडुंब ताणले गेल्यावरच मेंदूतून कात टाकण्याची चेतना सुटते. पोट मेंदूला कळवते, मेंदू ग्रंथीला चेतवतो, ग्रंथी त्वचेला बदलते, बदललेल्या देहाची भूक बदलते, आणि ती पुन्हा पोटात नोंदली जाते. या वर्तुळात कोठेही बोट ठेवून हा धनी आणि हा चाकर असे म्हणता येत नाही. कोर्टकचेरीच्या भाषेत पेशी म्हणजे सुनावणी, आणि जीवशास्त्राच्या भाषेत पेशी म्हणजे देहाचा घटक. या दोन शब्दांची कुळे भिन्न असली तरी त्यांचा हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. देहात फर्मानापेक्षा सुनावणी अधिक चालते.

आणखी एक गोष्ट या कचेरीची कीर्ती वाढवणारी आहे, ती म्हणजे तिच्या कारकुनांची अल्पायुता. मध्यांत्राचे अस्तर सतत झिजते. पाचक पेशी आणि या संप्रेरक पेशी दोन्ही गळून पडतात आणि मूळ पेशींपासून नव्या तयार होतात. कोषात तर सबंध कचेरीच पाडली जाते: अळीचे मध्यांत्र आपल्या पाचक व संप्रेरक पेशींसह सोलले जाऊन पोकळीत पडते आणि त्याच्याभोवती भुंगेऱ्याचे नवे अस्तर उभे राहते. मुळे खाणाऱ्याचे आतडे आणि पाला खाणाऱ्याचे आतडे यांत एकही पाचक वा संप्रेरक पेशी सामायिक नसावी, तरीही कारभाराचा धागा तुटत नाही. आपण व्यक्तीला चिकटून बसतो आणि पदाला विसरतो. देह व्यक्तीला सोडतो आणि पद राखतो. खोपटच्या स्थानकावर ध्वनिक्षेपकामागचा नियंत्रक पाळीगणिक बदलतो, प्रवाशांपैकी कोणाला त्याचे नाव ठाऊक नसते, आणि तरीही कोणी विचारीत नाही की काल बोलणाराच आज बोलतो आहे काय.

आता प्रश्न असा की, हे आपल्याला सुचायला इतका उशीर का लागला? मला वाटते, पोटाविषयी आपल्या मनात एक जुना तिरस्कार आहे. पोटार्थी, पोटभरू हे आपले निंदेचे शब्द. आधी पोटोबा मग विठोबा ही आपली थट्टा. परंतु त्याच मराठी भाषेच्या तळाशी निराळा अनुभव साठलेला आहे. आपण गुपित पोटात ठेवतो, अपराध पोटात घालतो, भयाने आपल्या पोटात गोळा येतो, आणि अत्यंत कळकळीने बोलणारा मनुष्य पोटतिडकीने बोलतो. लबाडाच्या मात्र पोटात एक आणि ओठात एक असते, म्हणजे खरे ते पोटातले. ज्या भाषेने सत्य, क्षमा, भीती आणि कळकळ यांना पोटात जागा दिली, तिच्या बोलणाऱ्यांनी पोटाला केवळ कोठी समजावे, हा विपर्यास होय. गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत स्वतःला प्राण्यांच्या देहातील जठराग्नी म्हणवतो. आयुर्वेदाने ग्रहणी नावाचा आतड्याचा भाग अग्नीचे अधिष्ठान मानला. तथापि यावरून आपल्या पूर्वजांना सीक्रेटिन अवगत होते असे अनुमान काढणे हा भाबडेपणा आहे, आणि तो पूर्वजांचाही अवमान आहे. त्यांना द्रव्य ठाऊक नव्हते, परंतु आदर ठाऊक होता. आपल्याला द्रव्य ठाऊक झाले आहे.

आदराचा हा मुद्दा केवळ सौजन्याचा नाही, त्यात व्यवहार आहे. किडीशी आपली बहुतेक लढाई तिच्या मध्यांत्राच्या भिंतीवरच लढली जाते. कोकणच्या नारळाचा कोंब पोखरणारा गेंड्या भुंगा घ्या. १९६३ साली अलॉइस हुगर या जर्मन शास्त्रज्ञाला मलायात या भुंग्याला ग्रासणारा एक विषाणू सापडला. तो प्रौढ भुंग्याच्या मध्यांत्राच्या पेशींत वाढतो, आतडे दुधाळ होऊन फुगते, आणि आजारी भुंगा स्वतःच उडत जाऊन आपल्या विष्ठेतून माडामाडावर रोग पोहोचवतो. १९६७ साली पश्चिम सामोआत तो सोडल्यावर माडांची हानी घटली. परंतु २००७ साली ग्वाम बेटावर आलेल्या भुंग्यांचा वाण त्या विषाणूला दाद देईना. आपल्याकडील कापसाची कथा याहून कडू आहे. बी.टी. कापसातील जिवाणुजन्य प्रथिन बोंडअळीच्या मध्यांत्राच्या पेशींना भोके पाडते. २००२ साली ते वाण परवान्याने आले, आणि २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने त्याच कापसाची बोंडे पोखरून दाखवली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. भिंत फोडणे एवढेच ज्याला सुचते, त्याला भिंत पुन्हा बांधली जाते हे वारंवार शिकावे लागते. आणि फोडण्याचे हत्यार दोन्हीकडून धारदार असते, हे दुसऱ्याच्या जिवावर शिकावे लागते.

म्हणून आता अनेकांची दृष्टी या संप्रेरकांकडे वळली आहे. भिंत न फोडता खोटी घोषणा करावी, पोट रिकामे असताना भरले आहे असे कळवावे आणि किडीने आपण होऊन तोंड मिटावे, ही कल्पना मोहक आहे. अळीला अळीच राखणाऱ्या किशोर-संप्रेरकाची नक्कल करणारी द्रव्ये वापरात आलीही आहेत. मी या प्रयत्नांच्या विरुद्ध नाही. परंतु येथे एक इशारा त्या पेशींनीच देऊन ठेवला आहे. ज्या लिपीत भुंगेऱ्याच्या पोटाचा कारभार चालतो, ती लिपी मधमाशीची आहे, रेशमाच्या किड्याची आहे, आणि काही अक्षरांपुरती आपलीही आहे. एकाच्या नावे काढलेले बनावट फर्मान कोणाकोणाच्या दारी वाचले जाईल, हे ठरवण्यापूर्वी प्रत्येक जातीच्या कचेरीत बसून तिचे दप्तर वाचावे लागेल. हे काम संथ आहे, त्यात बाजाराला रस कमी, आणि त्याला हुमणीच्या शेतात गुडघे टेकणारी माणसे लागतात. परंतु ते टाळून जे काही आपण करू, ते अंधारात हाकाटी करण्यासारखे होईल.

परवा पुन्हा पाऊस पडला, आणि स्थानकाबाहेरील दिव्याखाली पडलेला एक भुंगेरा मी उचलून तळहातावर घेतला. महिनोन् महिन्यांच्या उपवासानंतर तो वर आला होता, आणि सिमेंटवर आपटून थकला होता. त्याला समोरच्या झाडाच्या बुंध्याशी नेऊन ठेवले. तो खोडाला धरून हळूहळू वर सरकू लागला. पाला तोंडात पडल्यावर त्याच्या पोटात काय काय जाहीर होईल, कोणती कोठारे उघडतील आणि कोणती मिटतील, याची मला पुसट कल्पना होती. त्याला ती नसली तरी त्याचे काही अडणार नव्हते. मागे ध्वनिक्षेपक खरखरला आणि कुठल्याशा गावाची गाडी लागली. मी नीट ऐकले. ती माझी गाडी नव्हती. म्हणून मी जागचा हललो नाही.